कुऱ्हाडीआधी फूल बघा!

मृगाच्या दोन सरी पडल्या की आमच्या रामवाडीत बायकांची रोपखरेदी सुरू होते. पेणच्या बाजारातून परतताना पोहे, पापड, भाजी या सगळ्यांच्या वर पिशवीतून एखादं रोप डोकावत असतं. कुणी पपई आणते, कुणी कोकम, कुणी हापूसचं कलम. घरामागं दोन हात जागा असली तरी पुरे, कोकणातल्या बाईला मोकळं परसदार बघवत नाही! २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळानं आपल्या रायगडातले नारळी-पोफळी, आंबे, फणस आडवे केले. त्याच पावसाळ्यात कितीतरी जणींनी पडलेल्या झाडाच्या शेजारी नवा खड्डा काढला आणि नवं रोप लावलं.

रोपाला पैसे पडतात. सल्ले मात्र फुकट मिळतात, आणि तेही ढीगभर! पपईला फळ धरत नसेल तर खोडात खिळा ठोका. मोहोर गळाला तर कुणाची नजर लागली ते आठवा. झाडावर जुनी चप्पल टांगा. ‘त्या’ चार दिवसांत वेलीला हात लावू नका, जळून जाईल. हापूस खाल्ला ना, मग कोय पुरा, पाच वर्षांत घरचा हापूस! आणि इतकं करून झाड फळलं नाही तर मग शेवटचा सल्ला : वांझ आहे, तोडून टाका.

आता तुम्ही म्हणाल, असल्या समजुती तर सगळीकडेच असतात, त्याचं एवढं काय? टांगू देत की चप्पल. अगदी खरं. चपलेनं झाडाचं काही बिघडत नाही. पण या समजुतींपैकी काही अशा आहेत की त्या झाडावर थांबत नाहीत. परसदारातून त्या घरात येतात आणि घरातल्या बाईच्या अंगाला चिकटतात. म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं.

आमच्याच आळीतली गोष्ट आहे. एका घरी देशी पपईच्या बियांपासून आलेली चार झाडं होती. दोघांना फळं लागली, दोघांना नुसतेच फुलांचे लांब लांब तुरे. सासूबाईंनी वाट बघितली, खिळे ठोकून झाले, आणि एका सकाळी कोयता घेऊन दोन्ही झाडं आडवी केली. “वांझोटी झाडं हवीत कशाला दारात?” असं मोठ्यानं म्हणाल्या. मागं त्यांची सून धुणं वाळत घालत होती. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. ती काही बोलली नाही. चिमटे लावत राहिली. माझ्या मनात मात्र तो शब्द तेव्हापासून रुतून बसलाय.

आणि गंमत, म्हणजे गंमत तरी कसली, ती दोन्ही झाडं नर होती!

पपईत तीन प्रकारची झाडं असतात. एक नर, एक मादी आणि एक दोन्ही असलेलं, म्हणजे द्विलिंगी. नर झाडाला लांब देठावर लोंबणारे तुरे येतात, त्यावर बारीक बारीक पुष्कळ फुलं. मादी फूल मोठं असतं, पानाच्या बेचक्यात खोडाला अगदी चिकटून बसतं, आणि पाकळ्यांच्या आत इवलीशी गोल पपईच दिसते. द्विलिंगी झाडाची फळं जरा लांबट असतात. देशी वाणाच्या बियांमधून साधारण निम्मी झाडं नर निघतात. ती नर की मादी हे बीतच ठरलेलं असतं, पण आपल्याला कळतं ते चार-सहा महिन्यांनी, फूल आल्यावरच. म्हणून तर जाणकार सांगतात की एका खड्ड्यात तीन-चार रोपं लावा, फूल आलं की जास्तीचे नर काढा, पण दहा माद्यांमागं एक नर ठेवाच. बाजारात ‘रेड लेडी’सारखे वाण मिळतात, त्यांत निव्वळ नर झाड निघत नाही. ज्यांच्याकडे जागा कमी आहे त्यांना ते सोयीचे.

मग खिळ्याचं काय? खिळा ठोकल्यावर फळं आलेली आपण पाहिली, असं शपथेवर सांगणारी माणसं भेटतात, आणि ती खोटं बोलत नसतात. हवापाणी बदललं की काही नर झाडं अधूनमधून दोन-चार द्विलिंगी फुलं काढतात आणि तुऱ्याच्या टोकाला बारीकशी पपई लोंबताना दिसते. ज्यानं महिनाभर आधी खिळा ठोकलेला असतो त्याला वाटतं, खिळ्याचाच गुण! ज्यानं ठोकलेला नसतो त्याच्याही झाडाला अशी फळं येतात, पण ती गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही. लोखंडाच्या तुकड्यानं नराची मादी होत नाही. खोडाला जखम मात्र होते, त्यातून पाणी आणि कूज आत शिरते.

त्या घरचा पुढचा भागही सांगते. नर तोडले, राहिलेल्या दोन झाडांना फुलं येत राहिली, पण फळं धरेनात. फुलं पिवळी पडून गळायची. मग त्याही झाडांना नावं ठेवणं सुरू झालं. जवळपास दुसरी पपई नव्हती, पराग येणार कुठून? ज्याला निरुपयोगी म्हणून तोडलं, त्याच्याच जिवावर बाकीची दोन फळत होती.

कोकमाची तीच कथा, फक्त तिथं वाट जास्त बघावी लागते. रातांब्याचं झाड बियांपासून लावलं तर फुलायला सहा-सात वर्षं लागतात, आणि तेव्हा कळतं की साधारण निम्मी झाडं नर आहेत. निसर्ग वादळानंतर ज्यांनी कोकमाची रोपं लावली त्यांची झाडं आता फुलण्याच्या वयाला आली आहेत. म्हणजे येत्या एक-दोन हंगामांत आपल्याकडच्या परसदारांतून ‘वांझ कोकम’ हा शब्द पुष्कळ ऐकू येणार! तेव्हा आधी फूल बघा. नर फुलं झुबक्यानं येतात आणि फुलाच्या मधोमध पिवळसर पुंकेसरांचा गोंडा असतो. मादी फुलात मधे इवलंसं गोल फळ बसल्यासारखं दिसतं. जायफळाचंही असंच, नर झाड वेगळं, मादी वेगळं. इतकी वर्षं सांभाळायची आणि मग पस्तावायचं नसेल तर मादी झाडाच्या काडीवरून बांधलेलं कलम घ्यावं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ हे कोकमाचे वाण दिले आहेत. कलम लवकर फळतं आणि ते मादीच असणार याची खात्री असते. अर्थात बागेत एखादा नर हवाच.

आता मला सांगा, जे झाड फळत नाही ते नर आहे. मग त्याला शब्द मात्र बाईचा का? ‘वांझ’ला आपल्या बोलण्यात पुरुषी जोड नाही. फळ न देणाऱ्या नर झाडालाही आपण बाईचीच शिवी देतो. हे नुसतं भाषेचं नाही, त्यामागं एक फार जुनी समजूत आहे. बी पुरुषाचं, जमीन बाईची, ही ती समजूत. मनुस्मृतीत स्त्रीला शेत आणि पुरुषाला बी म्हटलेलं आहे. बी पेरलं आणि उगवलं नाही तर दोष कुणाचा? अर्थातच शेताचा! या एका उपमेनं बायकांचं किती नुकसान केलंय याचा हिशोबच नाही.

पण ती उपमा झाडांच्या बाबतीतच मुळात चूक आहे. त्यासाठी कुठं लांब जायला नको, स्वयंपाकघरात जाऊ. बिरड्यासाठी वाल भिजवतो, मोड आणतो, सोलतो. सोललेला वाल अलगद उघडला की दोन डाळिंब्यांच्या मधे टोकाला एक छोटासा कोंब दिसतो. तेच ते रोप! दोन डाळिंब्या म्हणजे त्या बाळाची शिदोरी. म्हणजे बी हे पुरुषाचं नसतंच. बी म्हणजे तयार झालेलं बाळ, आईच्या फुलात वाढलेलं, आणि त्यात आईचा नि बापाचा, दोघांचा वाटा असतो. पुरुषाचं जे असतं ते बी नव्हे, पराग. आणि जमीन ही आई नव्हे. जमीन म्हणजे त्या बाळाचं घर.

जर्मनीतल्या कामेरारियुस नावाच्या वैद्यानं १६९४ साली हे प्रयोगानं दाखवलं. एरंडाची नर फुलं उमलण्याआधी खुडून टाकली, तर एरंडीच्या बिया धरल्या नाहीत. मक्याच्या कणसाच्या मिशा कापल्या, दाणे भरले नाहीत. दोन्ही बाजू हव्यात, हे सिद्ध झालं. खजुराच्या बागा करणाऱ्या अरब मुलखातल्या शेतकऱ्यांना तर नर खजूर आणि मादी खजूर हा भेद हजारो वर्षांपासून ठाऊक होता. ते नराचा तुरा तोडून मादीच्या तुऱ्यात बांधत. फळ धरलं नाही तर आधी नराचा तुरा बघायचा, हे शहाणपण त्यांच्याकडे होतं!

‘खाण तशी माती’ ही आपली म्हण घ्या. मुलगी बिघडली की आईच्या नावानं ती हमखास निघते. हापूसच्या कोयीला विचारा या म्हणीचं खरं काय ते! हापूसची कोय पुरली तर त्यातून हापूस येईलच असं नाही, बहुतेक वेळा येतच नाही. कारण आई हापूस असली तरी बाप कोण? माशीनं किंवा मधमाशीनं पराग कुठल्या रायवळाचा आणला ते कुणी बघितलंय? त्या रोपात दोघांचे गुण उतरतात. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या विद्यापीठानं १९८१ साली ‘रत्ना’ हा आंबा दिला, तो काही नुसता नीलम नाही आणि नुसता हापूसही नाही. काही थोड्या आंब्यांच्या कोयीतून आईसारखीच दोन-तीन रोपं येतात, पण हापूस त्यातला नव्हे.

म्हणून तर कलम करतात. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आंब्याची कलमं बांधायची पद्धत रुजली आणि हापूसची चव टिकली ती त्यामुळं. रायवळाच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधायची, दोघांची साल आणि आतला भाग एकजीव झाला की पाणी मुळांचं, फळ काडीचं. खालच्या रोपाची आंबट चव वरच्या फळात उतरते असं काही नसतं. आणि कलम कशावरही होतं हीसुद्धा समजूतच. नातं जवळचं असावं लागतं. आंब्यावर आंबा जमतो, खिरणीवर चिकू जमतो, कारण दोघं एका कुळातले. पेरूवर आंबा बांधून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा!

इथं एक कामाची गोष्ट. “हापूसचं कलम आणलं नि निघाला रायवळ, फसवलं मेल्यानं” अशी तक्रार आपण ऐकतो. कधी खरोखर फसवणूक असते. पण पुष्कळदा काय होतं, जोडाच्या खालून, म्हणजे रायवळाच्या भागातून, फुटवा येतो. तो जोमदार असतो. आपण खूश होतो, चांगलं फुटलंय म्हणून! हळूहळू तो वरची हापूसची काडी दाबून टाकतो. म्हणून जोड जमिनीच्या वर राहील असं लावा, जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी वेळेवर सोडा, आणि जोडाखालचा प्रत्येक फुटवा खुडून टाका. १९९० साली राज्यात रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हापासून कोकणातल्या वरकस जमिनीवर आंब्या-काजूची कितीतरी कलमं लागली. त्यांचे खड्डे काढण्यात, पाणी घालण्यात, गवत बेणण्यात बायका होत्याच. पण फुटवा कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे त्यांना मुद्दाम बसवून किती जणांनी सांगितलं?

आता नजरेकडे येऊ. आंब्याला मोहोर आला की सगळं घर हिशोब करायला लागतं. एका तुऱ्याला हजारावर फुलं असतात. पण त्यातली बरीचशी फुलं नुसती नर असतात, त्यांना फळ लागणारच नसतं. उरलेल्यांतल्या थोड्यांना फळ धरतं, त्यातलीही बाळकैरी पुष्कळ गळते, कारण झाड तेवढ्यांनाच ठेवतं जेवढ्यांना ते पोसू शकेल. शेवटी तुऱ्यामागं एखाददुसरा आंबा हाती लागला तर ते झाड उत्तम! फणसाला तर नर आणि मादी कणसं एकाच झाडावर वेगवेगळी येतात. नर कणीस बारीक, पराग देऊन झाले की काळं पडतं आणि गळतं. आपण खाली पडलेली ती काळी बोंडं उचलतो नि म्हणतो, “अरे देवा, कुयऱ्या गळाल्या, कुणाची गं दृष्ट लागली?” दृष्ट कुणाचीच नसते, ती कुयरी नव्हतीच! लाल भोपळ्याच्या वेलीवर सुरुवातीला येऊन गळणारी फुलं अशीच, आधी नर फुलं येतात. मादी फुलाच्या खाली छोटासा भोपळा असतो. सकाळी नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला टेकवा, भोपळा धरतो की नाही बघा.

आणि ही ‘दृष्ट’ असते तरी नेहमी कुणाची? हळदीकुंकवाला न बोलावलेली, मूल नसलेली, नवरा गेलेली. तिनं मोहोराकडे नुसतं बघितलं तरी पाप! फणसाचं नर कणीस गळणार हे झाडानं कधीच ठरवलेलं असतं, आणि बोल लागतो तो कुंपणापलीकडून चाललेल्या एखाद्या बाईला. फूल न बघता दिलेला हा निकाल आहे. एका कणसाकडे नीट बघितलं असतं तर ती सुटली असती.

पाळीच्या विटाळाची गोष्टही तशीच. तुळस, पानवेल, मोगरा, लोणच्याची बरणी, सगळं म्हणे आपल्या हातानं खराब होतं. ही समजूत फक्त आपल्याकडची नाही बरं का. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी यानंही लिहून ठेवलंय की अशा बाईच्या स्पर्शानं रोपं मरतात आणि झाडाची फळं गळतात. तेही सोडा, १९२० साली व्हिएन्नातल्या बेला शिक नावाच्या नामवंत डॉक्टरनं मोलकरणीच्या हातातली फुलं कोमेजलेली पाहिली आणि पाळीच्या दिवसांत बाईच्या अंगातून विष बाहेर पडतं असा निष्कर्ष काढला! पुढं तो टिकला नाही. असं विष कुणालाही सापडलेलं नाही. आता याच्या अगदी उलट बघा. आपल्या संस्कृत काव्यात असा संकेत आहे की तरुण स्त्रीनं पायाचा स्पर्श केला की अशोक फुलतो. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त राणीच्या पायाला दुखापत झालेली असते, म्हणून अशोकाला फुलवायला मालविकेला पाठवतात. म्हणजे एकीकडे बाईच्या पायानं झाड फुलतं आणि दुसरीकडे बाईच्या हातानं जळतं! झाडाला बिचाऱ्याला या दोन्हींचा पत्ता नसतो. त्याला पाणी, ऊन, खत आणि पराग कळतो. भातलावणीच्या चिखलात उभ्या असलेल्या बायकांना कुणी विचारतं का हो, आज तुमचा कितवा दिवस? तिथं विटाळ आडवा येत नाही, कारण तिथं हात हवे असतात.

याचा अर्थ जुनं ते सगळं टाकाऊ असं मी म्हणत नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात, पाऊस संपल्यावर मोहोर दिसेपर्यंत मोठ्या आंब्याला पाणी घालू नये. हे शंभर टक्के खरं! तेव्हा पाणी मिळालं तर झाड पालवी काढतं, मोहोर काढत नाही. केळीचा घड पुरा झाला की केळफूल छाटावं, हेही बरोबर. घडात येतात ती मादी फुलं, नंतर खाली लोंबत्या बोंडात राहतात ती नर फुलं, त्यांना फळ लागायचं नसतं. म्हणजे कडक दांड्या नि पापुद्रे काढत निवडून आपण भाजी करतो ती बहुतेक या नर फुलांचीच! केळीला तर फळ धरायला परागाचीही गरज लागत नाही. ‘उंबराचं फूल’ आपण न दिसणाऱ्या माणसाला म्हणतो. ते फूल दुर्मीळ नाही, प्रत्येक उंबराच्या आत शेकड्यांनी असतं, उंबर फोडून बघितलं तर दिसतं. आणि काजूचं बोंड म्हणजे फळ नव्हे, तो फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी बी. ज्या आज्ज्यांनी डोळे उघडे ठेवून झाड बघितलं त्यांचं ज्ञान टिकलं. ज्यांनी न बघता ऐकीव सांगितलं, ते आपण कशाला पुढं चालवायचं?

आता पुन्हा त्या सुनेकडे. सहा वर्षांत तिच्या तपासण्या तीन वेळा झाल्या. पेणला झाल्या, पनवेलला झाल्या. उपास झाले, नवस झाले. नवऱ्याची तपासणी एकदाही झालेली नाही. त्याला कुणी विचारलंच नाही! ज्या जोडप्यांना मूल होत नाही, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांत कारणाचा काही ना काही भाग पुरुषाकडे असतो, हे डॉक्टर कधीचे सांगताहेत. पुरुषाची पहिली तपासणी साधी, बिनदुखण्याची आणि बायकांच्या तपासण्यांच्या मानानं स्वस्त असते. तरी ती शेवटी होते, किंवा होतच नाही. का? तर पुरुष म्हणजे बी, आणि बियांत खोट कशी असेल! पपईच्या बाबतीत केलेली चूक हीच, घरात केलेली चूकही हीच. फरक एवढाच की पपईचं नवं रोप आणता येतं.

आणि समजा, सगळ्या तपासण्या झाल्या, दोघंही ठीक आहेत, तरी मूल नाही. किंवा त्या दोघांना नकोच आहे. मग? झाडाचीसुद्धा किंमत आपण फक्त फळात मोजत नाही. अंगणातला नर कोकम सावली देतो, उतारावरची माती धरून ठेवतो, आणि आळीभरच्या कोकमांना पराग पुरवतो. वडाला कुणी आंबे मागत नाही. मग बाईलाच हा एक हिशोब का?

तर मैत्रिणींनो, या पावसाळ्यात रोप घेताना विचारा, हे बियांचं की कलमाचं? नर निघायची शक्यता आहे का? जोड कुठं आहे ते दाखवा. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर पुढं चला. आपल्या जिल्ह्यात रोह्याजवळ किल्ला इथं विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तालुक्याला कृषी खात्याचे लोक असतात. त्यांना विचारायला संकोच करू नका, ते आपल्यासाठीच आहेत. बचत गटाच्या एखाद्या बैठकीत त्यांना बोलवा आणि कलम बांधायला, फूल ओळखायला शिकून घ्या. मोहोर फुललेला असताना कीटकनाशक मारायची घाई करू नका, माश्या-मधमाश्या मेल्या तर पराग कोण नेणार? आणि घरातल्या मुलांना वालाचा दाणा उघडून आतलं बाळ दाखवा. मुलींना दाखवाच, पण मुलग्यांना आधी दाखवा.

एखादं झाड फळत नसेल तर पहिल्यांदा त्याच्या फुलाकडे बघा. नर असेल तर एक राहू द्या. आंबा असेल तर एक वर्ष वाट बघा, हापूसला एक वर्षाआड विसावा लागतो. रोग असेल तर औषध करा. आणि शेजारणीनं विचारलं, “काय गं, वांझ आहे का?” तर शांतपणे सांगा, “नाही हो काकू, तो नर आहे.” बघा तरी, त्या काय म्हणतात ते!